लाल डब्यात न पडलेले पीस

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसवर पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटीला लागलो, तेव्हा आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं नववं कलम, कामगिरीचं मूल्यमापन, मला तोंडपाठ होतं. मोजमाप आणि विश्लेषण, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू. पण कामगिरीचं मूल्यमापन म्हणजे काय, ते पत्र्याच्या एका ब्रॅकेटने शिकवलं.

त्या ब्रॅकेटचं महिन्याचं उत्पादन ४०,००० पीस, रिजेक्शन ७२०. म्हणजे १.८ टक्के. टार्गेट २ टक्के, त्यामुळे बोर्डावर हिरवा ठिपका. तरी ग्राहकाकडून बरची, म्हणजे कापलेल्या कडेला राहणाऱ्या धारदार कंगोऱ्याची, तक्रार आली. रिजेक्ट पिसांचा लाल डबा उपसून पाहिला, तर त्यात बरचे पीस जवळपास नव्हतेच. सेकंड शिफ्टला प्रेसशेजारी उभा राहिलो, तेव्हा दिसलं की दोन हेल्पर कानस घेऊन कडा घासताहेत. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, घासलं की पास होतं. मग रिजेक्शनमध्ये कशाला लिहू?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर रीवर्कचा, म्हणजे दुरुस्त करून पास केलेल्या पिसांचा, रकानाच नव्हता! तो घातला, आणि पुढच्या महिन्यात तेवढ्याच उत्पादनात ३,२०० पीस रीवर्कचे निघाले. रिजेक्शन तेवढंच होतं, म्हणजे दोन्ही वजा करून पहिल्या फटक्यात चांगले पीस फक्त ९०.२ टक्के. पत्रा कापणारी डाय बोथट होत होती आणि तिचं ग्राइंडिंग तक्रार आल्यावरच व्हायचं.

सातपूर, अंबड किंवा सिन्नरला नव्याने क्वालिटीत येणाऱ्यांनी त्याच नवव्या कलमातलं ९.१.१ नीट वाचावं. काय मोजायचं, कसं, कधी, हे सगळे लिहितात. आलेल्या आकड्यांवर बसून विचार कधी करायचा, हेही तिथे विचारलेलं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच.

अंतर्गत ऑडिटला निःपक्षपातीपणा लागतो. माणसं कमी असली तर स्टोअरवाल्याला प्रॉडक्शन पाहू द्या. त्याला सवय नसल्यामुळे तो "हे असं का?" असं विचारतो, आणि ऑडिटला तेवढं पुष्कळ असतं.

मॅनेजमेंट रिव्ह्यूत मी चार्ट नेला नाही, घासलेले आणि न घासलेले पीस टेबलावर ठेवले. मालकांनी कडेवरून बोट फिरवलं आणि टूलरूमवाल्याला बोलावलं. दर २०,००० स्ट्रोकला ग्राइंडिंग, जबाबदारी टूलरूमची, सुरुवात येत्या सोमवारपासून, असं मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या नोंदीत, लिहिलं गेलं. त्याआधीच्या तिन्ही रिव्ह्यूंच्या मिनिट्समध्ये रिजेक्शनपुढे एकच वाक्य होतं: "चर्चा झाली."