सकाळच्या टीव्ही कार्यक्रमाचं विडंबन: नागपुरात एक भाग कसा उभा करायचा

सकाळच्या कार्यक्रमाची खिल्ली उडवायची, तर आधी तो कार्यक्रम खराखुरा करता आला पाहिजे. अँकर बावळट दाखवले की प्रेक्षक लगेच कंटाळतो. खरी गंमत सांध्यात असते, गंभीर बातमी संपून पाककृती सुरू होते त्या दोन सेकंदांत. ‘कापसाचे भाव सलग तिसऱ्या आठवड्यात पडले. आता पाहू या, संत्र्याच्या सालीनं चेहरा कसा उजळतो.’ पुढे एकही विनोदी शब्द घालू नका. टोला अँकरच्या हसण्याला बसला पाहिजे, कापूस पिकवणाऱ्याला नाही. हे चुकलं तर विदर्भातला प्रेक्षक माफ करत नाही, आणि त्यानं करूही नये.

हा प्रकार मुळातच असा घडलेला आहे. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीचा ‘टुडे’ हा सकाळचा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी बातम्या देणाऱ्यांच्या शेजारी एक चिंपांझी येऊन बसला. त्यानं प्रेक्षकही वाढवले. तेव्हा अतिशयोक्ती जपून वापरा.

पहिला भाग बारा मिनिटांचा पुरे. संवादाआधी रनडाउन लिहा: हेडलाइन एक मिनिट, हवामान पाऊण, पोहे तीन, डॉक्टर अडीच, प्रेक्षकांचा फोन दोन. उरलेली पावणेतीन मिनिटं शीर्षक, ब्रेक आणि सांध्यांची. मराठी बातमी मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्दांनी वाचली जाते. हेडलाइनचा मजकूर त्याहून लांबला की अँकर धावतो आणि सांध्याला थांबायला जागाच उरत नाही.

विषय मात्र एका भागाला एकच घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे चालू प्रश्नांवर टोला हाणणारे पुतळे, पाहा. एक बडग्या, एक विषय, आणि तो लांबून ओळखू येतो. अधिवेशनाच्या आठवड्यात मंत्र्यांचा नाश्ता हाच भाग होऊ शकतो. त्यात रस्त्यावरचे खड्डे कोंबू नका.

सेटला तीन कॅमेरे लागतात. मधला वाइड धरतो, बाजूचे दोन आपापल्या विरुद्ध बाजूच्या अँकरचा क्लोज घेतात. तिन्हींचं शटर १/५० ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर काही दिवे फ्रेममध्ये लुकलुकतात. मागे फुटाळा तलाव दिसणारी खोटी खिडकी लावणार असाल, तर उजेड महिन्याप्रमाणे हवा. मे अखेरीला इथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं, डिसेंबरात पावणेसात होतात. उन्हाळ्यात कूलर टेकच्या वेळी बंदच ठेवावा लागतो, त्यामुळे मेकअप उतरायच्या आत म्हणजे तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत शूट करा.

तर्री-पोह्यांचा, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांचा, शॉट सगळ्यात जास्त फसतो. समोरून उजेड टाकला की वाफ दिसत नाही. दिवा प्लेटच्या मागे, थोडा वर ठेवा आणि पार्श्वभूमी काळपट घ्या. तर्री गरम असेपर्यंतच तिचा लाल तवंग चकाकतो. थंड झाली की कडेला तेलाचे ठिपके धरतात. पोहे तर्री शोषून लगदा होतात, म्हणून तर्री शेवटच्या क्षणी ओता आणि प्रत्येक टेकला नवी प्लेट घ्या. तीन टेक धरले, तर सहा प्लेटांचं सामान आणा. अँकरला खरंच खाऊ द्या. तोंडात चणे असताना कानातल्या इअरपीसमध्ये ‘ब्रेकिंग आलंय, वाचा’ येतं, तो चेहरा कुणी लिहून देऊ शकत नाही.

फोनच्या भागात खरी अडचणच वापरा. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, म्हणून घरचा टीव्ही चालू असला की फोन करणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो त्यालाच उत्तर देऊ लागतो. अँकर तीनदा गोड आवाजात म्हणते, ‘काका, टीव्हीचा आवाज कमी करा.’ चौथ्यांदा तिला काही म्हणू देऊ नका.

भाषेचे दोन थर ठेवा. ऑन एअर सगळे पुस्तकी मराठी बोलतात: ‘आपल्याला काय वाटतं, सर?’ ब्रेक लागला की तोच अँकर फ्लोअर मॅनेजरला म्हणतो, ‘काहून बे, माइक चालू ठेवून राहिला का?’ उलट करू नका. नागपुरी बोली ही खिल्लीची वस्तू नाही. या कार्यक्रमातलं खरं बोलणं तिच्यातच होतं.

टिकर, म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी, वेगळ्या माणसाला लिहायला द्या. टिकरमधला विनोद आणि संवादातला विनोद एकाच वेळी आले की दोन्ही मरतात, कारण डोळे खाली गेले की कान सुटतो. अँकर पाहुण्याची ओळख करून देत असेल तेव्हा टिकर बोलू द्या, सांध्याच्या वेळी त्यात सराफ्याचे भाव सोडा.

एडिटला हसण्याचा ट्रॅक लावू नका. सांध्यानंतर अँकरच्या हसऱ्या चेहऱ्यावर शॉट नेहमीपेक्षा दीड-दोन सेकंद जास्त धरा आणि मगच पोह्यांवर कट करा.