सिक्सर्सचा कुठला प्लेअर खरंच वाया गेला, हे कसं ओळखायचं

एनबीए म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, काय टॅलेंट होतं आणि काय माती केली. बरोबर आहे. 2014 ते 2017 सलग चार वर्षं या टीमला ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे प्लेअर निवडतात तो) पहिल्या तीनातला पिक म्हणजे निवडीचा नंबर मिळाला, दोनदा तिसरा आणि दोनदा पहिला, म्हणजे जोएल एम्बीड, जलील ओकाफोर, बेन सिमन्स आणि मार्केल फुल्ट्झ, आणि तरी 2001 च्या फायनलनंतर 2025 चा सीझन संपेपर्यंत टीम प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) दुसऱ्या राउंडच्या पुढे गेलेली नाही. पण माती कोणी केली हे बघायला कोणाला वेळ नसतो, एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर खापर फोडून सगळे मोकळे होतात, आणि मला याचा मनापासून राग येतो. म्हणून एखाद्या प्लेअरला "वाया गेला" म्हणायच्या आधी काय काय तपासायचं ते लिहितोय. उदाहरणं सगळी सिक्सर्सचीच घेतोय, कारण वाया जायचे जेवढे प्रकार असतात तेवढे सगळे या एकाच टीममध्ये दहा वर्षांत बघायला मिळतात.

आधी बघा, टॅलेंट होतं का आणि कुठे दिसलं होतं

ड्राफ्टचा नंबर म्हणजे टॅलेंट नाही, तो फक्त टीमचा अंदाज. पहिल्या सीझनचे पॉइंट्स सुद्धा फसवतात. मायकेल कार्टर-विल्यम्स बघा, 2013 मध्ये 11व्या नंबरवर आला आणि पहिल्याच मॅचमध्ये तेव्हाच्या चॅम्पियन मायामीविरुद्ध 22 पॉइंट्स, 12 असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि 9 स्टील्स (हिसकावलेले बॉल), पुढे सीझनला सरासरी 16.7 आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा प्लेअर. नंतर करिअर उतरत गेलं म्हणून त्याचंही नाव वाया गेलेल्यांच्या यादीत टाकतात. पण तोच सीझन नीट उघडून बघा, शूटिंग 40 टक्क्यांच्या आसपास, थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंट्सचे शॉट) 26 टक्के, टीम 19-63 म्हणजे 19 विजय आणि 63 पराभव, आणि ती टीम लीगमध्ये सगळ्यात फास्ट खेळत होती म्हणजे प्रत्येक मॅचमध्ये बॉल जास्त वेळा हातात येणार, आकडे फुगणारच. सिक्सर्सनी त्याला 2015 च्या फेब्रुवारीत दुसऱ्या टीमला दिलं तेव्हा लोक चिडले होते, पण माझ्या मते तिथे वाया जाण्यासारखं फार काही नव्हतं, चांगला उंच गार्ड (बॉल हाताळून खेळ चालवणारा) होता आणि शॉट नव्हता, बस.

तर पॉइंट्सचा कॉलम शेवटी बघायचा. आधी मॅचेस किती, मिनिटं किती, फ्री थ्रोचा (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) टक्का आणि थ्री किती मारायचा प्रयत्न केला. बास्केटबॉल रेफरन्स या वेबसाइटवर प्रत्येक प्लेअरचं सगळं वर्षानुसार मिळतं, पाच मिनिटांचं काम आहे.

मग शरीर

हे लोक सगळ्यात जास्त विसरतात. फुल्ट्झ कॉलेजला 23 पॉइंट्सची सरासरी आणि 41 टक्के थ्री मारून आला होता, सिक्सर्सनी बॉस्टनला आपला तिसरा पिक आणि वर आणखी एक पहिल्या राउंडचा पिक देऊन त्याला पहिल्या नंबरवर घेतलं, आणि बॉस्टननी त्या तिसऱ्या पिकवर जेसन टेटम उचलला. सीझन सुरू झाला आणि पोराचा शॉटच गायब! चार मॅचेसनंतर खांदा दुखतोय म्हणून बाहेर, मार्चमध्ये परत आला, एप्रिलमध्ये एकोणिसाव्या वर्षी ट्रिपल-डबल (एका मॅचमध्ये तीन प्रकारांत दहा किंवा जास्त) केला, त्या वेळी इतक्या कमी वयात एनबीएमध्ये कोणीच केला नव्हता. पुढच्या सीझनला, नोव्हेंबर 2018 मध्ये, त्याचा तो फ्री थ्रो आला. बॉल वर नेला, मध्येच हात अडकल्यासारखा थांबला, बॉल एका हातातून दुसऱ्या हाताकडे सरकला आणि मग कसाबसा सुटला. ती क्लिप जगभर फिरली, लोक हसले, डोक्यात बिघाड आहे म्हणाले. डिसेंबरमध्ये निदान आलं थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मानेपासून हाताकडे जाणाऱ्या नसा गळ्याच्या हाडाजवळ दाबल्या जातात. ज्या हाताने शॉट मारायचा तो हातच नीट ऐकत नसेल तर पोरानी करायचं काय? सिक्सर्सकडून एकूण 33 मॅचेस खेळला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ओर्लँडोला पाठवला.

झायर स्मिथचं तर आणखी वाईट. 2018 च्या ड्राफ्टला सिक्सर्सनी 10व्या नंबरवर मिकाल ब्रिजेस घेतला, फिलाडेल्फियाजवळचाच पोरगा, त्याची आई सिक्सर्सच्याच ऑफिसात नोकरीला, आणि त्याच रात्री त्याला फिनिक्सला देऊन झायर आणि पुढचा एक पिक घेतला. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे, दुसरं काय. झायरचा ऑगस्टमध्ये पाय मोडला, मग तिळाच्या ॲलर्जीनी हॉस्पिटल गाठलं, वजन भयंकर उतरलं, आणि सिक्सर्सकडून सगळ्या मिळून 13 मॅचेस. 13 मॅचेसवरून कोणाबद्दलही काहीही सांगता येत नाही, हे लक्षात ठेवा.

उलट बाजूला एम्बीड आहे. पायाच्या हाडामुळे पहिली दोन वर्षं एकही मॅच नाही, तिसऱ्या वर्षी 31 मॅचेस, तेव्हा त्यालाही वाया गेलेला म्हणणारे कमी नव्हते, आणि 2023 ला तो एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेअर झाला. म्हणून दुखापत चालू असताना निकाल द्यायचाच नाही.

खेळायला जागा होती का

ओकाफोर 2015 ला तिसऱ्या नंबरवर आला. पहिल्या सीझनला 17.5 ची सरासरी, ती पण 10-72 वाल्या टीममध्ये जिथे त्याला धड बॉल पास करणारा गार्ड नव्हता. आता त्याच्या आजूबाजूला बघा, नर्लेन्स नोएल सेंटर, एम्बीड सेंटर, ओकाफोर सेंटर. तीन उंच माणसं आणि जागा एक. नोएल 2016 च्या सीझनआधी उघडपणे बोलला होता की हे चालणार नाही, कोणाला तरी हलवावं लागेल. हलवलं, पण उशिरा. नोएल फेब्रुवारी 2017 ला गेला, ओकाफोर बेंचवर बसून राहिला, त्यानी स्वतः सोडा म्हणून सांगितलं तरी डिसेंबर उजाडला, तोपर्यंत त्याच्यात कोणाला रस राहिला नव्हता.

पण इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. ओकाफोरचा गेम बास्केटकडे पाठ करून धक्के देत आत जायचा होता, आणि नेमकी त्याच वर्षांत लीग थ्रीकडे पळत सुटली, सेंटरनी सुद्धा बाहेर उभं राहून शॉट मारावा आणि डिफेन्सला बाहेर येऊन गार्ड पकडावा अशी अपेक्षा झाली. यातलं त्याला काहीच जमत नव्हतं. दहा वर्षं आधी जन्मला असता तर आरामात ऑलस्टारच्या आसपास गेला असता असं मला वाटतं. याला वाया जाणं म्हणायचं की काळ बदलणं, मी काळाच्या खात्यात टाकतो, थोडं टीमच्याही.

आता त्याचा स्वतःचा वाटा

हा शेवटी बघायचा, पण टाळायचा नाही. आणि इथे सिमन्सशिवाय बोलताच येत नाही.

सहा फूट दहा इंच, पॉइंट गार्डसारखं पासिंग, फास्ट ब्रेकला अडवणं अशक्य, 2018 चा रूकी ऑफ द इयर, तीनदा ऑलस्टार, 2020 आणि 2021 ला ऑल-डिफेन्सच्या पहिल्या टीममध्ये. म्हणजे टॅलेंट होतं का हा प्रश्नच नाही. शरीर? पहिलं वर्ष पायामुळे गेलं, पुढे बरीच वर्षं ठीक. जागा? बॉल त्याच्याच हातात. आता कॉलम उघडा. सिक्सर्सकडून अख्ख्या करिअरमध्ये आत गेलेले थ्री किती, पाच. फ्री थ्रो 60 टक्क्यांच्या आसपास अडकलेला, आणि 2021 च्या प्लेऑफमध्ये 73 पैकी 25.

यानंतर मॅच बघा, नुसते हायलाइट्स नको. 20 जून 2021, अटलांटाविरुद्ध गेम सेव्हन, साडेतीन मिनिटं बाकी, सिक्सर्स 86-88 मागे. सिमन्स बास्केटकडे पाठ करून अटलांटाच्या गालिनारीला गोल फिरून चकवतो, समोर फक्त ट्रे यंग, त्याच्यापेक्षा आठ-नऊ इंचांनी बुटका, दोन हातांनी डंक करायचा आणि स्कोअर बरोबर. तो टीममेट थायबुलला पास देतो. थायबुलवर फाउल होतो, दोनपैकी एकच फ्री थ्रो आत. सिक्सर्स 96-103 हरले. हा एक पास सगळ्यांनी बघितलाय, पण मी सांगेन त्याच सीरिजचे शेवटचे चारही चौथे क्वार्टर बघा, चारही मॅचेसमध्ये मिळून चौथ्या क्वार्टरला त्यानी एकही शॉट घेतलेला नाही. बॉल नसताना तो कुठे उभा राहतो ते बघा, बेसलाइनजवळ, बास्केटच्या बाजूला, जिथे एम्बीडला लागणारी जागाच तो अडवतो. फाउल होईल, लाइनवर जावं लागेल आणि सगळं स्टेडियम बघत असेल, ही भीती त्याच्या उभं राहण्यात दिसते. आणि मला तेव्हाही वाईटच वाटलं होतं, कारण भीती ही काय आळस नाही. पण चार सीझन्स खेळून आणि मधली सगळी सुट्टी हातात असून शॉट जिथल्या तिथे राहतो तेव्हा काही भाग प्लेअरचा असतो, हे म्हणावं लागेल. काही भाग टीमचा पण, कारण जिंकतोय तोवर चालतंय म्हणून शॉट मारायची सक्ती कोणी केली नाही. फेब्रुवारी 2022 ला तो ब्रुकलिनला गेला, मग पाठीचं ऑपरेशन, आणि आता पुन्हा शरीराचा विषय सुरू झाला. एका माणसाची खाती अशी एकमेकांत मिसळतात, म्हणून वर्षानुसार वेगवेगळी बघायची.

तुलनेला टायरीस मॅक्सी घ्या. 2020 ला 21व्या नंबरवर, पहिल्या सीझनला 8 पॉइंट्स आणि थ्री 30 टक्के. पुढच्याच वर्षी थ्री 42.7 टक्के. 2024 ला मोस्ट इम्प्रूव्ह्ड (सगळ्यात सुधारलेला प्लेअर) आणि ऑलस्टार. टीम तीच. त्यामुळे "फिलीमध्ये कोणीच सुधारत नाही" हे पण खरं नाही. टी. जे. मॅककॉनेलला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, तो त्या 10-72 मध्ये टिकला आणि पुढे इंडियानाकडून 2025 ची फायनल खेळला. रॉबर्ट कव्हिंग्टन पण तसाच, ड्राफ्टबाहेरचा, 2018 ला ऑल-डिफेन्सच्या पहिल्या टीममध्ये.

टीम सोडल्यावर काय झालं

माझ्या मते ही सगळ्यात खात्रीची टेस्ट. जेरामी ग्रँटला 2014 ला 39व्या नंबरवर घेऊन नोव्हेंबर 2016 मध्ये ओक्लाहोमाला देऊन टाकलं, तोच 2020-21 ला डिट्रॉइटमध्ये 22.3 ची सरासरी मारतो आणि टोकियो ऑलिम्पिकचं गोल्ड घेऊन येतो. इथे टीमनी घालवलं, प्लेअर वाया गेला नाही. फुल्ट्झ ओर्लँडोला 2019-20 मध्ये 72 मॅचेस खेळला, 12 पॉइंट्स, 5 असिस्ट, शॉट पूर्ण परत आला नाही पण खेळाडू म्हणून उभा राहिला, आणि जानेवारी 2021 ला गुडघा गेला, दुष्काळात तेरावा महिना. जिमी बटलरला 2019 ला जाऊ दिलं आणि टोबायस हॅरिसला पाच वर्षांचे 180 मिलियन डॉलर दिले, बटलर मायामीला दोनदा फायनलला घेऊन गेला, 2020 आणि 2023. एम्बीडची सगळ्यात चांगली वर्षं यात गेली आणि ही चूक पूर्णपणे ऑफिसची म्हणजे टीम चालवणाऱ्यांची, एम्बीडला याबद्दल एक शब्द बोलू नये.

निकाल कधी द्यायचा म्हणाल तर रूकी कॉन्ट्रॅक्टची चार वर्षं संपून दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टची दोन तरी होऊ द्या, आणि उंच प्लेअर असेल तर आणखी थांबा. भारतात राहून फिलीच्या होम मॅचेस लाइव्ह बघायच्या म्हणजे पहाटे साडेचार-साडेपाचला उठायचं, रोज कोणाला जमणार, हरकत नाही, पण ज्या पोराबद्दल बोलायचंय त्याच्या तीन-चार पूर्ण मॅचेस तरी नंतर बघा, आणि त्यात एक हरलेली असू द्या.

सरावाला जॅरेड मॅककेन घ्या. 2024 चा 16वा पिक, पहिल्या 23 मॅचेसमध्ये 15.3 ची सरासरी आणि डिसेंबरमध्ये गुडघा. टॅलेंटच्या रकान्यात त्याचे थ्री आणि फ्री थ्रो लिहा, शरीराच्या रकान्यात गुडघा लिहा, बाकीचे रकाने दोन-तीन वर्षं कोरे ठेवा.