'तूप'चं 'तुम्हीप' झालं तेव्हा गिट शिकले

मी सबटायटलं करते. एका मालिकेत सून सासऱ्यांना 'तू' म्हणत होती, म्हणून फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे 'तुम्ही' केलं, सेव्ह केलं, झोपले. सकाळी पाहते तर 'तूप'चं 'तुम्हीप' आणि 'वस्तू'ची 'वस्तुम्ही'. उलट फिरवावं तर मुळातले 'तुम्ही'ही 'तू' होणार!

गिट म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारा आणि काय बदललं ते ओळीओळीनं दाखवणारा प्रोग्रॅम. तो लिनस टोर्वाल्ड्सनं २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडसाठी लिहिला. पण सबटायटलांची एसआरटी फाइलही साधा मजकूरच, तिलाही गिट छान चालतं. वर्डच्या फायलींमधला फरक मात्र असा ओळीओळीनं दिसत नाही.

'गिट फॉर विंडोज' फुकट आहे. इन्स्टॉल करताना नेक्स्ट-नेक्स्ट करा, फक्त एडिटर विचारेल तिथे विम या किचकट एडिटरऐवजी नोटपॅड निवडा. (विममध्ये अडकलात तर एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. हे शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.)

कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून गिट बॅश, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. आधी 'गिट इनिट', फोल्डरमागे एकदाच. त्यानं एक लपलेला फोल्डर तयार होतो. सगळा इतिहास त्यातच असतो, तेव्हा साफसफाईच्या भरात उडवू नका.

आता 'गिट स्टेटस'. कोणत्या फायली नव्या किंवा बदललेल्या आहेत ते ते सांगतं. फाइलचं नाव 'भाग३' असेल तर तिथे ३४०, २४४, २५५ असे आकडे दिसतील. घाबरू नका, तो आपला 'भ' आहे. 'गिट कॉन्फिग', स्पेस, दोन डॅश लावून 'ग्लोबल', स्पेस, 'कोअर डॉट कोटपाथ', स्पेस, 'फॉल्स' असं एकदा दिलं की नावं मराठीत दिसतात.

मग 'गिट ॲड' आणि स्पेस देऊन टिंब, म्हणजे फोल्डरमधलं सगळं नोंदीसाठी निवडलं जातं. नंतर 'गिट कमिट', स्पेस, डॅश एम, आणि अवतरणात निरोप. कमिट म्हणजे फायलींच्या त्या वेळच्या रूपाची नोंद. पहिल्यांदा ते तुमचं नाव-ईमेल मागेल. त्यासाठीच्या कमांडही तिथेच दाखवतं. निरोपात 'बदल केले' लिहू नका. 'भाग ३: सासऱ्यांना अहोजाहो' असं लिहिलं तर महिन्यानंतर 'गिट लॉग'मध्ये, म्हणजे कमिटांच्या यादीत, सापडतं.

आता फाइंड-रिप्लेसआधी मी कमिट करते, नंतर काय बदललं ते 'गिट डिफ' देऊन बघते. जुनी ओळ लाल, नवी हिरवी. 'तुम्हीप' लगेच डोळ्यांत खुपतं. मग 'गिट रिस्टोर' आणि फाइलचं नाव दिलं की फाइल कमिटच्या वेळी होती तशी. मात्र त्यानंतरचं कमिट न केलेलं सगळं जातं, रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

आणि हे सगळं त्याच लॅपटॉपवर असतं. मी दर शनिवारी अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकते.