मृत्यूची वेळ काढायला डोळ्यातलं पोटॅशियम: कसं घ्यायचं, कसं वाचायचं

पीएमला, म्हणजे पोस्टमॉर्टेमला, नवीन लागलात की पोलिसांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, गेला कधी?" आता मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरच ४५ डिग्री असताना बॉडी थंड होणार कशी, थर्मामीटर लावून काही हाती लागत नाही, आणि ताठरता पण उन्हात लवकर येते नि लवकर उतरते. अशा वेळी व्हिट्रियस, म्हणजे बुबुळामागचा तो जेलीसारखा द्राव, कामाला येतो. मेल्यावर रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, पेशींतलं पोटॅशियम हळूहळू त्यात झिरपत राहतं, आणि डोळा बंद डबीसारखा असल्यामुळे रक्तापेक्षा उशिरा खराब होतो.

२० गेजची सुई आणि सिरिंज घ्या, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून पांढऱ्या भागात घालून टोक मध्यावर न्या आणि अगदी सावकाश ओढा. सावकाश म्हणजे खरंच सावकाश! जोर लावला की रेटिनाचे कण येतात आणि पोटॅशियम उगाच जास्त दिसतं, मी सुरुवातीला हेच केलेलं. द्राव स्वच्छ हवा, गढूळ किंवा तपकिरी आला तर आकडा धरू नका. दोन्ही डोळ्यांचं वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा, आणि नंतर डोळ्यात तेवढंच सलाईन भरा, नाहीतर डोळे खोल गेलेले दिसतात आणि बाहेर नातेवाईक उभे असतात हो.

पोटॅशियम मोजायच्या मशीनला लावायच्या आधी सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे ट्यूब जोरात फिरवून घ्या, चिकट असतं, अडकतं.

आता हिशोब. स्टर्नरचा १९६३ चा फॉर्म्युला: पोटॅशियम (mmol/L मध्ये) गुणिले ७.१४, वजा ३९.१, उत्तर तासांत. मादेया आणि मंडळींचा १९८९ चा: गुणिले ५.२६, वजा ३०.९. समजा पोटॅशियम १० आलं, तर पहिल्याने ३२ तास आणि दुसऱ्याने साधारण २२ तास! एकाच डोळ्याचे. म्हणून रिपोर्टात "रात्री ९ वाजता" असलं काही लिहू नका, रेंज द्या, आणि कुठला फॉर्म्युला वापरला तेही लिहा, कोर्टात वकील तेच विचारणार.

युरियापण करून घ्या, डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर मरायच्या आधीच क्षार बिघडलेले असू शकतात, मग पोटॅशियमवर विसंबू नका. आणि उष्णतेत पोटॅशियम भरभर वाढतं, थंडीत हळू, त्यामुळे बॉडी कोल्ड स्टोरेजला कधी ठेवली, कधी काढली हे मॉर्च्युरीच्या रजिस्टरमधून आधी बघा, अटेंडंटच्या तोंडी सांगण्यावर नको.