मायएसक्यूएलमध्ये कॉमावाला पत्ता वेगवेगळ्या कॉलममध्ये कसा तोडायचा

समजा पत्ता नावाच्या एकाच कॉलममध्ये 'कोथरूड, पुणे, 411038' असं सगळं कोंबलंय. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये यासाठी सबस्ट्रिंग_इंडेक्स हे फंक्शन वापरायचं, त्याला तीन गोष्टी द्यायच्या: कॉलम, कॉमा आणि आकडा. आकडा 1 दिला की पहिल्या कॉमाच्या आधीचं म्हणजे कोथरूड मिळतं, -1 दिला की शेवटच्या कॉमानंतरचं, म्हणजे पिनकोड. मधलं पुणे काढायला थोडी कसरत आहे, आधी 2 देऊन 'कोथरूड, पुणे' काढायचं आणि त्याच्यावरच परत -1 लावायचं, म्हणजे फंक्शनच्या पोटात फंक्शन. वरून ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावा, नाहीतर कॉमानंतरची स्पेस तशीच चिकटून येते आणि मग शोधताना व्हेअरच्या अटीत पुणे मॅचच होत नाही, माझा यात अख्खा तास गेलाय 😅

खरी गोची वेगळीच आहे. एखाद्या रोमध्ये कॉमाच नसेल तर हे रिकामं देत नाही, अख्खी स्ट्रिंग (म्हणजे पूर्ण मजकूर) परत देतं, म्हणजे तिन्ही कॉलममध्ये तेच! म्हणून आधी कॉमा मोजा: पूर्ण स्ट्रिंगच्या लेंग्थमधून (लांबीतून), रिप्लेसने कॉमा उडवलेल्या स्ट्रिंगची लेंग्थ वजा करा, 2 आले तरच तोडा, नाहीतर केस या अटीच्या रचनेत नल (म्हणजे काहीच नाही) टाका.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाले मजेत, त्यांच्या स्प्लिट_पार्ट फंक्शनला दुसऱ्या तुकड्यासाठी थेट 2 सांगितलं की काम झालं, आणि तुकडा नसेल तर रिकामी स्ट्रिंग येते.