ओव्हन नाही, चीज नाही, तरी पिझ्झा: तव्यावरचा व्हिगन, भरताच्या वांग्याचा

व्हिगन पिझ्झा (म्हणजे दूध-दही-चीज काहीच नसलेला) म्हटला की सगळे आधी नकली चीज शोधायला लागतात, त्याची काहीच गरज नाही भो. इटलीत नेपल्सचा जो मारिनारा पिझ्झा आहे त्यावर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस. आणि आपल्या खान्देशात घरोघरी शेंगदाणे, लसूण आणि भरताची वांगी असतातच, मग अडतंय कुठे?

पीठ आधी भिजवून ठेवा. २ कप मैदा (अर्धी कणीक घेतली तरी चालते, फक्त बेस जरा जड होतो), १ चमचा इन्स्टंट यीस्ट, १ चमचा साखर, पाऊण चमचा मीठ, २ मोठे चमचे शेंगदाणा तेल आणि साधारण पाऊण कप कोमट पाणी, पण पाणी एकदम ओतू नका, लागेल तसं घाला. कोमट म्हणजे बोट घातलं तर चटका बसायला नको, कडकडीत पाण्यात यीस्ट मरतं आणि मग पीठ तासभर ठेवलं तरी ढिम्म. सात-आठ मिनिटं चांगलं मळा, हाताला किंचित चिकटलं पाहिजे, पोळीच्या कणकेपेक्षा सैल. झाकून अर्धा तास ठेवा. आपल्याकडचा मे महिना असेल तर वीस मिनिटांतच फुगतं, जळगाव-भुसावळच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्या. थंडीत मात्र तासभर धरून चाला. बिनयीस्टच्या बऱ्याच रेसिपीत दही असतं, ते इथे चालणार नाही. आणि रेडिमेड बेस आणणार असाल तर पाकीट वाचा, काहींमध्ये दूध पावडर असते.

तोपर्यंत वांगं भाजून घ्या, ते मोठं फिकट हिरवं भरताचं. वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं मिळालं तर क्या बात, नाहीतर गॅसवर सगळीकडून काळं होईपर्यंत. साल काढून लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून जाडसर ठेचा. पाणी सुटलं असेल तर निथळून घ्या, नाहीतर बेस खालून गिचका होणार.

सॉस सोपा आहे. ३ टोमॅटो किसा, तेलात लसूण परता, टोमॅटो आणि मीठ घालून घट्ट होईपर्यंत आटवा. ओरेगानो असेल तर टाका. काळा मसाला टाकायचा मोह होईल, पण चिमूटभरच, नाहीतर पिझ्झ्याची शेवभाजी होते.

आता चीजच्या जागी काय, तर शेंगदाण्याचं पांढरं क्रीम. अर्धी वाटी कच्चे शेंगदाणे पंधरा-वीस मिनिटं उकळा, साल चोळून काढा, मग अर्धी वाटी पाणी, लसणाची १ पाकळी, १ चमचा लिंबाचा रस, मीठ, १ चमचा कॉर्नफ्लोअर, २ चमचे तेल घालून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा. नंतर मंद गॅसवर ढवळत राहा, दोन-तीन मिनिटांत चकचकीत घट्ट होतं. भाजलेले दाणे घेऊ नका, रंग आणि चव दोन्ही चटणीची येते. चीजसारखी तार याला सुटत नाही, ती अपेक्षा ठेवू नका, पण मऊ आंबटसर थर मस्त लागतो. काजूचं पण होतं, पण काजूचे भाव बघता दाणेच बरे.

पिठाचे ३ गोळे करा, हाताने थापून साधारण सात इंची बेस करा, काट्याने टोचे मारा. जाड लोखंडी तवा चांगला तापवून एक बाजू दोन मिनिटं शेका, डाग पडले की उलटा, आणि या भाजलेल्या बाजूवरच सॉस, भरीत, कांदा आणि क्रीमचे ठिपके. हे सगळं पटापट करायचं, म्हणून सामान आधीच हाताशी पाहिजे. कडेने थोडं तेल सोडा, गॅस एकदम मंद करा, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. खालून लागतंय असं वाटलं तर तव्याखाली अजून एक तवा सरकवा.

उतरवल्यावर वरून कांद्याची पात आणि मूठभर जाड तिखट शेव (बेसन आणि तेलातलीच, म्हणजे व्हिगनच). शेव झाकणाखाली ठेवू नका, वाफेने मऊ पडते. लगेच खा.