मेंदूच्या ऑपरेशननंतर डोकं दुखतंय? निदान या चुका तरी टाळा

घरात कुणाचं मेंदूचं ऑपरेशन झालं की डोकेदुखीवर प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. शेजारीण लेप सांगते, मेडिकलवाला गोळी देतो आणि भेटायला आलेले पाहुणे म्हणतात, "कवटी उघडली म्हणल्यावर दुखायचंच की आता जन्मभर." मेंदूच्या आवरणावरच्या गाठीसाठी माझंही ऑपरेशन झालेलं आहे आणि डोकं अजूनही अधूनमधून दुखतं. त्यामुळे लातूर, बीड, धाराशिवकडून ओळखीपाळखीतल्या लोकांचे फोन येतात. दर वेळी त्याच चुका ऐकल्या की जीव तुटतो. मी डॉक्टर नाही. औषध तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर काय काय बिघडतं, ते मी जवळून पाहिलंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखते ती डोक्याची कातडी, तिच्यातल्या नसा, खालचे स्नायू आणि मेंदूवरचं आवरण. ऑपरेशनमध्ये हे सगळं कापलं, ताणलं, शिवलं जातं. बहुतेकांचं दुखणं तीन महिन्यांत उतरतं. त्यापुढे टिकलं तर डॉक्टर त्याला जुनाट डोकेदुखी धरतात आणि तिचे उपचार वेगळे असतात. कानामागून किंवा मानेच्या वरच्या बाजूने ऑपरेशन झालेल्यांना हा त्रास जास्त होतो. म्हणजे दुखणं खरं असतं. ते "मनाचं" आहे म्हणून रुग्णाला गप्प बसवू नका.

रोजची गोळी

माझ्या मते सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच. दुखलं की गोळी, मग दुखेल या भीतीने गोळी, मग दुकान उघडायच्या आधी सवयीने गोळी.

आमचे नंदावे उदगीरकडचे. कानाच्या नसेवरची गाठ हैदराबादला जाऊन काढली. ऑपरेशन उत्तम झालं, पण डोक्याची मागची बाजू ठणकायची राहिली नाही. त्यांचं किराणा दुकान आहे. गल्ल्यात सुट्ट्या नाण्यांच्या शेजारी गोळ्यांची पाकिटं असायची, कात्रीने दोन-दोन गोळ्यांचे तुकडे केलेली. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली ती गोळी आपल्याकडे पानटपरीवरसुद्धा मिळते, म्हणून तिला कुणी औषध समजतच नाही. सकाळी एक, दुपारी एक, गिऱ्हाईक जास्त झालं की आणखी एक. विचारलं तर म्हणायचे, "गोळीनं तेवढंच दोन तास बरं वाटतंय." वर्षभरात दुखणं कमी व्हायच्या ऐवजी दिवसभराचं झालं. गाठ परत आली की काय, या धास्तीने घरात कुणाला झोप नव्हती.

मी नणंदेला एवढंच सांगितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं तुम्ही दुधाचा हिशोब लिहिता, तिथंच गोळी घेतली त्या दिवशी फुली मारा. महिनाअखेर रिकामे चौकोन चार-पाचच उरले. ते पान घेऊन आम्ही लातूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांचे पडदे तपासले, नवा एमआरआय बघितला, गाठ नव्हती. मग पानावर बोट ठेवून म्हणाले, "आता दुखतंय त्यातलं बरंचसं या गोळ्यांचं आहे."

हा आजार वैद्यकशास्त्रात नीट नोंदलेला आहे. डोकेदुखी असलेल्या माणसाने साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, किंवा नंदाव्यांसारखी मिश्र गोळी अथवा ट्रामाडॉलसारखं जोरकस वेदनाशामक औषध 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर घेतलं की गोळीच डोकं दुखवायला लागते. नंदाव्यांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाली आणि दुखणं मुळात येऊच नये म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन या औषधाची छोटी मात्रा सुरू झाली. पहिला आठवडा फार वाईट गेला, कारण गोळी सुटताना दुखणं आधी वाढतं. "मला मारायलात का तुम्ही?" असं ते घरच्यांवर ओरडले. याच टप्प्यावर बहुतेक लोक हार मानतात आणि दोन दिवसांत "नवीन औषधाचा गुण नाही" म्हणून जुन्या पाकिटाकडे वळतात. अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, ते डोकेदुखीच्या गोळीसारखं अर्ध्या तासात काम करत नाही. नणंद खंबीर राहिली. दोन महिन्यांनी चित्र उलटं झालं, फुल्या थोड्या आणि चौकोन रिकामे. पूर्ण थांबलं नाही, पण माणूस दुकानात बसून हसायला लागला.

माझी स्वतःची सवय अशी की वेदनाशामक गोळी घरात एका वेळी एकच पाकीट आणि घेतली की लगेच कॅलेंडरवर फुली. आठवड्यात दोन फुल्या झाल्या की तिसऱ्या गोळीआधी मी अंधाऱ्या खोलीत पडते, पाणी पिते, मानेला शेक देते. मेडिकलमधून कागदाच्या पुडीत येणाऱ्या बिननावाच्या गोळ्या तर घ्यायच्याच नाहीत. त्यात डायक्लोफेनॅक (सूज आणि दुखण्यावरचं औषध) आहे की ट्रामाडॉल, कळायला मार्ग नसतो. ट्रामाडॉलने फिट येण्याची शक्यता वाढते आणि मेंदूचं ऑपरेशन झालेल्याला फिटचा धोका आधीच असतो. डायक्लोफेनॅकसारखी औषधं उन्हातान्हात, पाणी कमी पडलेल्या अंगावर घेतली तर किडनीला इजा करतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो, हे विसरू नका.

"पित्त झालंय"

दुसरी चूक पहिलीच्या अगदी उलटी. सगळं दुखणं जुनंच समजून बसायचं.

आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या डोक्यात पाणी साठायचं, म्हणून मेंदूतून पोटात उतरणारी नळी बसवली होती. नळी बसवून बरेच दिवस झाले होते, तो कॉलेजलाही जायला लागला होता. मग सकाळी उठलं की डोकं दुखायचं आणि उलटी व्हायची. घरच्यांनी ठरवलं, पित्त. पित्ताची गोळी झाली, जवळच्या डॉक्टरकडे सलाईन झालं. तिसऱ्या दिवशी तो दिवसभर झोपून होता आणि आई म्हणत होती, "झोपू द्या, झोपेनं उतरंल." हाक मारली तर डोळे उघडायचा, उत्तर अर्धवट द्यायचा. ती झोप नव्हती, गुंगी होती. नळी तुंबली होती. रात्रीच त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, नळी बदलली आणि पोरगं वाचलं. आणखी एक रात्र घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते आजही माझ्याच्याने बोलवत नाही.

म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते की दुखण्याचा स्वभाव बदलला का? त्याच जागी, त्याच वेळी, नेहमीइतकंच दुखत असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबता येतं. पण सकाळी उलटीसकट दुखतंय, गुंगी येते, ताप आहे, मान ताठली, फिट आली, अंधुक किंवा दोन-दोन दिसतं, हातपाय लुळा पडतोय, जखम फुगली किंवा तिच्यातून, नाकातून, कानातून पाण्यासारखं गळतंय, एकदम कधी नव्हे इतकं दुखायला लागलं, यातलं एक जरी असलं तर पित्ताची गोळी बाजूला ठेवा, 108 ला फोन करा आणि मेंदूचं सीटी होईल अशा ठिकाणी न्या. उभं राहिलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, हेही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. मेंदूभोवतालचं पाणी कुठून तरी गळत असल्याची ती खूण असू शकते.

न्हाव्याकडून मान मोडून घेणे

हे बंद म्हणजे बंद. कटिंग झाल्यावर डोकं चोळून, हनुवटी धरून मान कट्‌कन वळवायची, यात खूप जणांना सुख वाटतं. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटू शकतो आणि धडधाकट माणसालाही लकवा होऊ शकतो. मानेची सुटका हवी असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि त्यांनी दिलेला व्यायाम रोज करा. चार दिवस करून "काही फरक नाही" म्हणू नका. व्रणावर बोट लावताच वीज चमकल्यासारखी कळ जात असेल तर तिथली नस दुखरी झालेली असते. ती तेलाने जिरत नाही. तिच्यावर औषध असतं, बधिरतेचं इंजेक्शनही असतं, ते विचारा.

कानशिलाकडून ऑपरेशन झालं असेल तर चावायचा स्नायू दुखतो, तोंड पुरतं उघडत नाही. सुरुवातीला कडक भाकरी तोडत बसू नका, दुधात किंवा आमटीत कुस्करून खा. मात्र जबड्याचा व्यायाम सोडू नका.

स्टेरॉइडची गोळी दिली असेल तर ती सांगितल्याप्रमाणे कमी करत न्यायची, "बरं वाटतंय" म्हणून एकदम सोडायची नाही. फिटची गोळीही स्वतःहून बंद करायची नाही.

चतुर्थी, नवरात्र, एकादशी, सगळं धरून उपाशी राहायचं आणि मग डोकं दुखतं म्हणून गोळी घ्यायची, तीही रिकाम्या पोटी. देवाला नमस्कार करा आणि वेळेवर जेवा.

जागरण नको. उन्हात डोक्याला ओला पंचा.

सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला असेल, तर तो परत बसवायची तारीख "सोयाबीन निघू द्या, मग बघू" म्हणून ढकलू नका. तिथलं डोकं खोल जात गेलं की दुखणं आणि चक्कर दोन्ही सुरू होऊ शकतात आणि हाड बसवल्यावर पुष्कळांना आराम पडतो.

राहता राहिली फाईल. नवीन डॉक्टरकडे जाताना लोक फक्त शेवटची चिठ्ठी घेऊन जातात. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा कागद, गाठीचा रिपोर्ट, पहिली आणि शेवटची फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटं आणि फुल्यांचं ते कॅलेंडरचं पान, एवढं एका पिशवीत हवं. फिल्म पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात खराब होते. माझी पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते आणि ती कुठे आहे, हे माझ्या सासूबाईंनाही माहीत आहे.